माउंटन बाइकच्या तिहेरी चेनसेटचे दुहेरीत रूपांतर

माउंटन बाइकच्या पुढच्या तीन चेनरिंगपैकी (पेडलपाशी असलेल्या दातेरी चकत्यांपैकी) सर्वांत मोठी काढून दोनच रिंगांवर सायकल चालवण्याची सोय करणे, म्हणजे दुहेरी रूपांतर. नऊ स्पीड सायकलींवर ४४-३२-२२ दात्यांचा चेनसेट (क्रँक आणि त्यावरच्या रिंगा) आणि मागे ११-३४ ची कॅसेट, म्हणजे ११ ते ३४ दात्यांच्या नऊ चकत्यांचा संच, ही जोडी सर्रास असे. खडकाळ वाटेवर ४४ ची रिंग क्वचितच वापरात येते. उलट दगडावर किंवा ओंडक्यावर आधी आपटतात ते तिचेच दाते.

तीन गुणिले नऊ म्हणजे २७ गिअर, हा हिशेब फसवा आहे. ४४ ही २२ ची नेमकी दुप्पट असल्याने ४४ वर मागचा २६ आणि २२ वर मागचा १३ यांचे गुणोत्तर एकच, १.६९. तसेच ४४-३० आणि २२-१५ यांचेही. ४४ काढून ३२ च्या जागी ३६ बसवली, म्हणजे ३६-२२ केले, की चढाचा सर्वांत हलका गिअर (२२-३४) जसाच्या तसा राहतो. सर्वांत वेगवान गिअरचे गुणोत्तर मात्र ४ वरून ३.२७ वर येते. २६ इंची चाकावर, पेडलच्या मिनिटाला ९० फेऱ्यांना, ताशी सुमारे ४५ किलोमीटरऐवजी ३७. ज्याचा निम्मा प्रवास डांबरी रस्त्यावर होतो त्याने हा बदल करू नये.

सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २००९ मध्ये एक्सएक्स हा दोन गुणिले दहाचा तयार संच आणला. २०१२ मध्ये तिच्याच एक्सएक्स १ ने पुढची दुसरी रिंगही काढून टाकली.

रूपांतराला सर्वांत सोयीचा क्रँक (पेडलचा दांडा, ज्यावर रिंगा बसतात) चार बोल्टांचा, १०४/६४ मिलिमीटर मापाचा; हे बोल्टांच्या दोन वर्तुळांचे व्यास. त्यात मोठी आणि मधली रिंग एकाच बोल्टांनी दोन्ही बाजूंनी आवळलेली असते, लहान रिंगचे बोल्ट वेगळे. मोठी काढली की तेच बोल्ट लांब पडतात. म्हणून तिच्या जागी बॅश गार्ड (बिनदात्यांचे संरक्षक कडे) लावतात किंवा आखूड बोल्ट घेतात. ३२ च्या जागी बसणारी ३६ ची रिंग मधल्या जागेसाठी बनवलेली, कडेला चेन उचलणाऱ्या खाचा-पिना असलेली घ्यावी. साध्या रिंगवर चेन वर चढायला कुरकुरते.

खरी कसोटी पुढच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका रिंगवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाची. चेन ज्यातून जाते त्या त्याच्या पिंजऱ्याचा बाक ४४ च्या रिंगसाठी असतो. क्लॅम्प सैल करून तो खाली आणावा, बाहेरची पट्टी ३६ च्या दात्यांपासून १ ते ३ मिलिमीटरवर ठेवावी आणि पिंजऱ्याची शेपटी चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) टेकत नाही ना, हे पाहावे. फ्रेमला थेट बोल्टने बसणाऱ्या डिरेलरला खाली सरकायला फारशी जागा नसते. तिथे दुहेरीसाठीचा डिरेलरच घ्यावा. शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअर बदलण्याचा खटका, बदलावा लागत नाही. डिरेलरची बाहेरची हद्द ठरवणारा ‘एच’ स्क्रू आत घेतला की तिसरी खटक बंद होते.

मागच्या डिरेलरला सावरावा लागणारा दात्यांचा फरक ४५ वरून ३७ वर येतो, तरी लांब केजचाच (चेन ताणून धरणारी दांडी लांब असलेलाच) डिरेलर ठेवावा. आठ दाते कमी झाल्याने चेनच्या सुमारे चार कड्या जास्त होतात. त्या तशाच ठेवल्या तर उतारावर चेन फ्रेमवर आपटत राहते. कापण्यापूर्वी चेन डिरेलरमधून न ओवता मोठ्या रिंगवर आणि मागच्या ३४ वर घालावी, जिथे टोके जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवाव्यात. मागे सस्पेन्शन असेल तर हे माप चाक पूर्ण दाबलेल्या स्थितीत घ्यावे, नाहीतर पहिल्याच मोठ्या धक्क्याला डिरेलर मोडतो.