रूट मिळवण्यापासून रूट लपवण्यापर्यंत

अँड्रॉइड लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, उभी आहे आणि लिनक्सने युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीकडून ‘रूट’ हे सर्वाधिकारी खाते घेतले. प्रत्येक फोनमध्ये ते असतेच. त्याची चावी मालकाला देत नाहीत, इतकेच.

ऑक्टोबर २००८ मध्ये टी-मोबाइल जी१ हा पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला आणि पुढच्याच महिन्यात एक अजब चूक उघडकीस आली. पडद्यामागे रूटच्या अधिकाराने एक शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा पाळणारा प्रोग्राम, चालू राहिले होते आणि कीबोर्डवर टाइप केलेले सगळे तिथेही पोहोचत होते. मेसेजमध्ये ‘रिबूट’ लिहून एंटर दाबले, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा! गूगलने अपडेट देऊन ही फट बुजवली. हौशी मंडळी मात्र ते अपडेट टाळत राहिली, कारण रूट मिळवण्याची वाट तीच होती.

जानेवारी २०१० मधल्या नेक्सस वन या गूगलच्या फोनमध्ये बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम, अधिकृतपणे अनलॉक करता येत होता, अर्थात वॉरंटीवर पाणी सोडून. माझ्या मते हाच सर्वांत सरळ व्यवहार होता. जुलै २०१० मध्ये अमेरिकेत फोनवरचे असे निर्बंध काढण्याला कॉपीराइट कायद्यातून सूटही मिळाली. पण बरेच उत्पादक कुलूप लावूनच फोन विकत राहिले, त्यामुळे चुका शोधणे थांबले नाही. २०१४ मध्ये हॅकर जॉर्ज हॉट्झने काढलेल्या टॉवेलरूट या साधनाने कर्नलमधली एक चूक वापरून एका बटणात रूट मिळवून दिले.

त्यानंतर एसईलिनक्सचे (कोणत्या प्रोग्रामने काय करावे हे ठरवणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेचे) निर्बंध कडक झाले आणि सुरू होताना सिस्टिमची पडताळणी होऊ लागली. म्हणून सिस्टिम विभागाला (अँड्रॉइडच्या फायली असलेल्या साठवणीच्या भागाला) हात न लावता रूट देण्याची पद्धत पुढे आली. २०१५ मध्ये चेनफायर या टोपणनावाच्या डेव्हलपरने ती आपल्या सुपरएसयू या रूट अ‍ॅपमध्ये आणली, तर २०१६ मध्ये डेव्हलपर जॉन वू यांच्या मॅजिस्क या साधनाने ती रुळवली. मॅजिस्कची खरी ओढ लपवाछपवीची होती: सेफ्टीनेट या गूगलच्या सेवेची, फोनशी छेडछाड झाली आहे का हे पाहणारी तपासणी वापरणाऱ्या अ‍ॅप्सपासून रूट दडवता येत असे. २०२१ मध्ये वू गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षा विभागात गेले आणि ती सोय मॅजिस्कमधून काढली गेली. सेफ्टीनेटच्या जागी आता गूगलचीच प्ले इंटिग्रिटी ही सेवा आहे. तिच्या कडक तपासणीत बूटलोडर उघडा आहे की बंद, याची ग्वाही फोनमधले सुरक्षित हार्डवेअर स्वतःच्या सहीनिशी देते.