नव्या रेड वाईनच्या तळाशी दिसणारे खडे: परत पाठवण्याआधी हे वाचा

थंडी पडली की आम्हाला एकाच तऱ्हेचे फोन येतात: "बाटलीत काच निघाली." सोबत फोटो. त्यात बुचाला चिकटलेले किंवा तळाशी साचलेले जांभळट, चकाकते खडे असतात. ती काच नाही. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम यांचं ते मीठ आहे, पोटात गेलं तरी अपाय नाही. हेच शुद्ध केलं की क्रीम ऑफ टार्टर होतं, जे बेकरीत वापरतात. लुई पाश्चरनं १८४८ साली टार्टारिक आम्लाच्याच एका क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली डावे-उजवे, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे, असे वेगळे केले होते. वाईनच्या पिंपात जमणाऱ्या या थराला एवढी मोठी परंपरा आहे.

खात्री करायची तर थोडे खडे कपात घेऊन वर भरपूर उकळतं पाणी ओता आणि ढवळा. हे मीठ २० अंशांच्या १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात सुमारे ६ ग्रॅम. काच विरघळत नाही. दाताखाली घालून मात्र पाहू नका.

थंडीत मध दाणेदार होतो, तसाच हा प्रकार. घरचा फ्रिज ४-५ अंशांवर असतो. त्यात बाटली आठवडाभर राहिली की खडे धरू शकतात.

आता मुख्य गोष्ट. खडे दिसले की बाटली उलटी करून उजेडात धरली जाते, हलवली जाते, मग फडक्यातून गाळली जाते. त्यानं सगळा साका वर येतो, वाईन गढूळ आणि कडसर लागते, आणि तशी अर्धी बाटली आमच्याकडे येते. तिच्यात मुळात दोष होता का, हे मग कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा बाटली हलवू नका. आदल्या दिवशी उभी ठेवा, एका दमात हळू ओता आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. बस.

"तुम्हीच नीट गाळून का देत नाही?" असंही विचारतात. हिवाळाभर आमचं तेच काम चालतं, फक्त सावकाश. वाईनमधल्या तीव्र मॅलिक आम्लाचं जिवाणू सौम्य लॅक्टिक आम्ल करतात, ते झालं की नाही हे आधी तपासतो. ते होईपर्यंत वाईन फार गार होऊ देत नाही, कारण थंडीत ते जिवाणू सुस्तावतात. मग तळघर गार पडू देतो, साका बसू देतो आणि वरची निवळ दुसऱ्या पिंपात घेतो. काचेच्या नळीमागे विजेरी धरलेली असते. धारेत धुरकट शेपूट दिसली की त्याच क्षणी काम थांबतं. बाष्पीभवनानं पिंप रितं झालं तर वाईन आंबते, म्हणून दर थोड्या दिवसांनी पिंपं काठोकाठ भरावी लागतात.

वाईन न गोठवता शून्याखाली गार करून खडे आधीच पाडता येतात, मोठे कारखाने तसं करतात. पण त्यात वाईनचं थोडं आम्लही जातं, आणि नव्या रेडचा तजेला त्या आम्लातच असतो. तो आम्हाला घालवायचा नाही. शिवाय आमची हलकी रेड पूर्ण हिवाळा पिंपात काढत नाही, लवकर बाटलीत येते, म्हणून तिच्यात खडे जास्त. फ्रान्सची ब्यूजोले नूव्हो ही नवी रेड तर तोडणीनंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येते.

ही नवी रेड १३-१४ अंशांना प्या. खोलीतली बाटली आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. जिभेवर किंचित चुरचुर जाणवली तर तो राहिलेला कार्बन डायऑक्साइड. जगमध्ये ओतून वीस मिनिटं ठेवा, जाईल. दाट रेड मात्र आत्ता तुरट लागेल. तिच्या दोन बाटल्या घ्या, एक यंदा उघडा आणि दुसरी वर्षानं. फरक तुम्हालाच कळेल, आणि आमच्या मते पैसे खरे वसूल होतात ते त्या दुसऱ्या बाटलीत.

व्हिनेगरचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर तो खरा दोष. तेव्हा बूच परत लावा, उरलेली वाईन न गाळता तशीच आणा. बाटली बदलून देऊ. तळघर पाहायला यायचं असेल तर आधी कळवा, निवळ काढायच्या दिवशी आम्ही कोणालाच आत घेत नाही.