तळघरातलं पाणी नेमकं कुठलं?

ओल जिथे दिसते तिथूनच पाणी आत शिरलेलं असतं असं नाही. काँक्रीटच्या भेगांतून, पाइपच्या कडेकडेने ते बरंच लांब सरकतं. वॉटरप्रूफिंगवाला मात्र दिसणाऱ्या डागावर हात मारतो आणि पुढच्या जुलैत डाग शेजारी उगवतो. म्हणून कोटेशन मागवण्याआधी सोसायटीने आठ-दहा दिवस एक वही ठेवावी. ओल कधी वाढली, पाऊस किती वाजता पडला, टाकीत पाणी कधी आलं, समुद्राची भरती कधी होती, एवढंच लिहायचं.

आधी हवा तपासा. 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असली, की साधारण 27 अंशांहून थंड पृष्ठभागावर दव धरतं. मातीला टेकलेली भिंत तितकी थंड असू शकते. डाग पुसून घ्या, दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवा आणि 24 तासांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला असतील तर ते हवेतले, आतून असतील तर भिंतीतले. पावसाळ्यात पंख्याने बाहेरची दमट हवा आत ओढली तर ही ओल वाढतेच!

मुंबईत पहिला संशय जमिनीखालच्या टाकीवर घ्यावा. रात्री पंप बंद करा, इनलेटचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करा, पातळीवर खूण करा आणि आठ तासांनी मोजा. 6 बाय 4 मीटरच्या टाकीत 1 सेंटीमीटर घट म्हणजे 240 लिटर. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर आत झिरपणारं पाणी गळती झाकून टाकतं, म्हणून तो आधी तपासा. शक्य असेल तर टाकी दोन-तीन दिवस न भरता तशीच ठेवा. पातळी एका उंचीवर येऊन थांबली, तर भेग बहुधा त्याच उंचीला आहे. झिरपलेल्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन दाखवणाऱ्या रसायनाचे) थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली, तर पाणी नळाचं. छटा आली नाही म्हणून टाकी सुटत नाही, कारण क्लोरीन वाटेत उडून जातं.

संडास-मोरीच्या लाइनसाठी कमोडमध्ये गडद खाण्याचा रंग ओतून तळघरात वाट बघायची. एका दिवशी एकाच मजल्याचं, एकाच लाइनचं.

पाऊस पडल्यावर तासा-दोन तासांत धार लागली, तर रॅम्प, पोडियम (तळघरावरचा उघडा स्लॅब) किंवा पाइपभोवतीची फट बघा. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी पाणी येतच असेल आणि टाकी-लाइन निर्दोष निघाल्या असतील, तर ते बहुधा भूजल. कफ परेडसारख्या भराव घातलेल्या भागात समुद्रही संशयित असतो. भरती आणि गळती एकाच वेळी होईल अशी अपेक्षा नको, मातीतून यायला पाण्याला वेळ लागतो. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. गळतीचा जोरही तसाच रोज पुढे सरकत असेल, तर उत्तर मिळालं.

भूजलाला आतून रंग लावणं म्हणजे पैसे भिंतीवर ओतणं. 2 मीटर पाण्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरवर 2 टन भरतो आणि रंगाचा थर सोलून काढतो. तिथे फरशी-भिंतीच्या सांध्यात इंजेक्शन ग्राउटिंग, म्हणजे दाबाने आत भरलेलं सांधे बुजवणारं मिश्रण, लागतं. पाण्याला तांबूस गंज दिसला, तर वॉटरप्रूफिंगवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा.