मस्कॅट: सुगंध टिकवण्याच्या नाना तऱ्हा

द्राक्षाची वाइन झाली की द्राक्षाचा वास सहसा उरत नाही. रस आंबताना लिंबू, सफरचंद, ओलं गवत असं काहीबाही जाणवू लागतं. मस्कॅट या द्राक्षाचं तसं नाही. त्याची वाइन चक्क द्राक्षासारखी लागते, वर संत्र्याच्या फुलांचा आणि गुलाबाचा दरवळ. लिनालूल, जेरॅनिऑल ही सुगंधी द्रव्यं त्याच्या सालीजवळ भरपूर असतात. पण हा सुगंध फार दिवस टिकत नाही, आणि सगळी साखर आंबवून टाकली तर मागे कडसरपणा राहतो. भूमध्य समुद्राकाठी मस्कॅट म्हणजे गोड वाइन असं समीकरण शतकानुशतकं राहिलं, त्यामागे हेही एक कारण आहे.

मस्कॅट हे एकच वाण नव्हे, मोठं घराणं आहे. त्यातला जुना मान बारीक मण्यांच्या पांढऱ्या मस्कॅटचा. ग्रीक बेटांवरच्या एका काळ्या द्राक्षाशी त्याचा संकर होऊन मस्कॅट ऑफ अलेक्झांड्रिया जन्मला, असं डीएनए तपासणीतून दिसतं. नाव इजिप्तच्या बंदराचं, गोत्र ग्रीक! मणी टपोरे, उन्हाला दाद न देणारे. खायला, वाळवायला आणि वाइनला, तिन्हीला चालणारे.

सिसिली आणि ट्युनिशिया यांच्यामधल्या पांतेलेरिया बेटावर याला झिबिब्बो म्हणतात. हे बेट ज्वालामुखीचं आणि वारा असा की मांडव उभा राहणं अवघड. म्हणून वेल साधारण वीस सेंटिमीटर खोल खळग्यात लावतात आणि छाटून छाटून बुटक्या झुडपासारखा जमिनीलगत ठेवतात. या पद्धतीला 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. ऑगस्टमध्ये खुडलेले घड उन्हात पसरायचे, अधूनमधून उलटायचे. मागाहून पिकलेल्या ताज्या द्राक्षांचा रस आंबू लागला की देठ हातांनी काढलेले हे सुकलेले मणी त्यात टाकायचे. ‘पासितो’ तयार होते ती अशी. जर्दाळू, मध, सुकं अंजीर... गोड, पण चिकट नव्हे. इतक्या मेहनतीची वाइन स्वस्त मिळेल ही अपेक्षाच चुकीची.

फ्रान्सच्या दक्षिणेला वेगळी युक्ती रुजली. रस अर्धवट आंबला की त्यात मद्यार्क ओतायचा; यीस्ट मरतं, साखर शाबूत राहते. तेराव्या शतकाच्या अखेरीस माँपेलिये इथले वैद्य आर्नाउ दे व्हिलानोव्हा यांच्याकडे या युक्तीचं श्रेय जातं. रिव्हसाल्त, फ्राँतिन्यान इथल्या मस्कॅट वाइन याच वाटेच्या. पोर्तुगालच्या सेतुबालमध्ये मद्यार्क घातल्यावर साली काही महिने रसातच मुरू देतात, त्यामुळे सुगंध आणखी गडद होतो.

इटलीच्या उत्तरेला, पिएमोंतेत, बारीक मण्यांच्या मस्कॅटला बुडबुडे मिळाले. कार्लो गांचा यांनी 1865 मध्ये कानेल्ली इथे शॅम्पेनच्या धर्तीवर फेसाळ वाइन केली. पण गोड वाइन बाटलीतच पुन्हा आंबली की बाटल्या फुटण्याचा धोका असायचा. 1895 मध्ये फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी बंद, दाब सोसणाऱ्या टाकीत आंबवण्याची पद्धत आणली आणि अस्ती या तिथल्या गोड, फेसाळ वाइनची गाडी सुरळीत चालली. आजची मोस्कातो द’अस्ती जेमतेम पाच टक्के मद्यार्काची असते, कारण रस थंड करून आंबणं मध्येच थांबवतात. जाणकार तिला नवशिक्यांची वाइन म्हणून नाक मुरडतात. पिकल्या द्राक्षाचा ताजा वास इतका नेमका पकडणारी दुसरी वाइन मात्र त्यांनी दाखवावी.

ड्राय, म्हणजे गोडवा न उरलेल्या, मस्कॅटला खरा जोर आला तो थंड ठेवता येणाऱ्या स्टीलच्या टाक्यांमुळे. ट्युनिशियातल्या केलिबियाची ड्राय मस्कॅट मासळीबरोबर झकास लागते. ती साठवून ठेवू नये, कोवळी असतानाच प्यावी.