अनाथ युजर (एसक्यूएल सर्व्हर)

मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरवर ज्या डेटाबेस युजरला जुळणारे लॉगिन सापडत नाही, तो अनाथ युजर. एका सर्व्हरचा बॅकअप दुसऱ्यावर रिस्टोअर केला की ही अडचण हमखास उभी राहते.

लॉगिन, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरण्याचे खाते, सर्व्हरचे असते आणि त्याची नोंद मास्टर डेटाबेसमध्ये होते. युजर मात्र त्या त्या डेटाबेसचा. रोल (परवानग्यांचे गट) आणि परवानग्या त्याच्याच नावावर चढतात. या दोघांना जोडतो तो एसआयडी, म्हणजे सुरक्षेसाठीचा ओळख क्रमांक. नावाचा इथे काही संबंध नाही, आणि गफलत नेमकी इथेच होते. बॅकअपबरोबर युजर जातो, लॉगिन मागे राहते. नव्या सर्व्हरवर त्याच नावाने व त्याच पासवर्डने लॉगिन बनवले तरी एसआयडी नवा पडतो. विंडोज लॉगिनचा एसआयडी डोमेनकडून (संस्थेच्या विंडोज नेटवर्ककडून) येत असल्याने त्याच डोमेनमध्ये ही भानगड सहसा होत नाही.

अशा वेळी पासवर्ड चालतो, पण डेटाबेस उघडत नाही: ४०६० किंवा ९१६ क्रमांकाची एरर येते. युजर नव्याने जोडायला जावे तर १५०२३, म्हणजे ‘युजर आधीच आहे’. इथे वैतागून युजर उडवू नये. त्याच्या परवानग्या त्याच्याबरोबर जातात. शिवाय स्कीमा (टेबलांचा गट) त्याच्या मालकीचा असेल तर १५१३८ एरर येऊन तो उडतही नाही. ‘विक्री’ नावाच्या युजरसाठी त्या डेटाबेसमध्ये जाऊन एवढीच ओळ (आज्ञेचे शब्द इंग्रजी अक्षरांत) पुरते:

अल्टर युजर विक्री विथ लॉगिन = विक्री;

परवानग्या जागच्या जागी राहतात. जुन्या लेखांत भेटणारी ‘एसपी_चेंज_युजर्स_लॉगिन’ ही तयार प्रोसिजर आता वापरू नये.

१८४५६ (लॉगिन फसले) ही एरर आली तर आधी सर्व्हरचा एरर लॉग पाहावा. क्लायंटला स्टेट, म्हणजे एररचे नेमके कारण सांगणारा आकडा, नेहमी १ दिसते. खरी स्टेट लॉगमध्ये असते. ५ म्हणजे त्या नावाचे लॉगिनच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज ऑथेंटिकेशनवर आहे. मिक्स्ड मोड (विंडोज आणि एसक्यूएल दोन्ही लॉगिन चालतात तो) निवडल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट केल्याशिवाय तो लागू होत नाही.

दुसऱ्या सर्व्हरवर लॉगिन बनवतानाच मूळ एसआयडी दिला तर युजर अनाथ होतच नाही. ऑलवेज ऑन गटात (एकाच डेटाबेसच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवणाऱ्या) हे विसरले की सगळे सुरळीत दिसते. फेलओव्हर झाल्यावरच, म्हणजे काम दुसऱ्या सर्व्हरवर गेल्यावरच, ॲप्लिकेशन अडते. २०१२ आवृत्तीपासूनच्या कंटेन्ड (सर्व्हरवर कमी अवलंबून असलेल्या) डेटाबेसमध्ये पासवर्ड युजरपाशीच ठेवता येतो, तेव्हा लॉगिन लागतच नाही.