पूटरपासून पार्ट्रिजपर्यंत: ब्रिटिश विनोदातला आत्ममग्न नायक

ॲलन पार्ट्रिज हॉटेलातल्या बुफेला स्वतःची प्लेट घेऊन जातो. हॉटेलची आठ इंची, याची बारा इंची. बायको सोडून गेली आहे, बीबीसीनं टॉक शो बंद केलाय, मुक्काम हायवेकडेच्या एका साध्याशा हॉटेलात आहे. तरी गडी खूश, कारण त्यानं हॉटेलवाल्यांना बनवलंय! स्टीव्ह कूगननं रंगवलेलं हे पात्र १९९१ साली बीबीसी रेडिओ ४ वर क्रीडा वार्ताहर म्हणून अवतरलं. प्लेटचा हा प्रसंग १९९७च्या 'आय ॲम ॲलन पार्ट्रिज' या मालिकेतला.

स्वतःच्या प्रेमात बुडालेल्या, आजूबाजूचे हसताहेत याचा पत्ताच नसलेल्या या माणसाचं घराणं मात्र शंभर वर्षं जुनं. मूळपुरुष म्हणायचा तर चार्ल्स पूटर. जॉर्ज आणि वीडन ग्रोस्मिथ या भावांनी 'पंच' साप्ताहिकात १८८८ पासून त्याची डायरी लिहिली, १८९२ मध्ये तिचं पुस्तक झालं. पूटर लंडनमधला कारकून. लाल एनॅमलचा डबा हाती येताच तो दिसेल ते रंगवत सुटतो, बाथटबसुद्धा. पुढे एकदा कडकडीत पाण्यात उतरतो, रंग सुटतो, पाणी लालभडक होतं आणि याला वाटतं आपली शीर तुटली. त्या घाबरगुंडीतही मादाम तुसाँच्या संग्रहालयात पाहिलेला, टबात मारला गेलेला फ्रेंच क्रांतिकारक मारा त्याला आठवतो. मरतानासुद्धा बरोबरी करायची ती इतिहासपुरुषाशी! मेयरच्या नृत्यसमारंभाच्या बातमीत नाव आलं नाही म्हणून तो पेपराला पत्र लिहितो. ते नाव चुकीचं छापतात. तो पुन्हा लिहितो.

खरी गंमत डायरीत आहे. पूटर स्वतःच आपली बाजू मांडतो आणि आपल्याला दिसतं ते त्याला दिसत नाही. पुढच्या वारसदारांनाही लेखकांनी असंच काहीतरी बोलायला दिलं: रेडिओ, टॉक शो, कॅमेरा. १९५४ मध्ये गॅल्टन आणि सिम्प्सन या लेखकजोडीनं रेडिओवर आणलेला टोनी हॅन्कॉक पुढे टीव्हीवर गेला. १९६१च्या एका भागात तो मोठ्या रुबाबात रक्तदानाला जातो, तपासणीपुरता थेंब दिला की झालं असं समजून निघू लागतो आणि पूर्ण पाइंट द्यायचंय कळल्यावर त्याची पाचावर धारण बसते.

ही मंडळी बहुतेक मधल्या पायरीवरची. खालच्यांत गणले जाऊ ही धास्ती, वरचे आत घेत नाहीत हा सल. 'डॅड्स आर्मी'तला (१९६८–७७) बँक मॅनेजर मेनवेरिंग दुसऱ्या महायुद्धात गावच्या होमगार्डचा कॅप्टन होतो, पण हाताखालचा विल्सन खानदानी निघतो, तेवढ्यानं हा धुमसत राहतो. १९७३च्या भागात एक जर्मन कैदी पाइक नावाच्या पोराला नाव विचारतो. मेनवेरिंग ओरडतो, ''सांगू नकोस, पाइक!'' आडनाव 'बकेट' असताना सगळ्यांना 'बुके' म्हणायला लावणारी 'कीपिंग अप अपिअरन्सेस'मधली हायसिंथ (१९९०–९५) याच गोतावळ्यातली.

नव्वदच्या दशकात ब्रिटिश टीव्हीवर साध्या माणसांच्या मागे कॅमेरे लावून फिरणाऱ्या माहितीपट-मालिकांचं पेव फुटलं. २००१ मध्ये बीबीसी टूवर आलेल्या 'द ऑफिस'नं तोच साचा उचलला. स्लाऊमधल्या कागद कंपनीचा मॅनेजर डेव्हिड ब्रेंट (रिकी जर्व्हेस) मस्करी करतो आणि लगेच हळूच कॅमेऱ्याकडे बघतो. पाठीमागे हशाचा आवाज नाही, त्यामुळे ओशाळायचं काम प्रेक्षकाकडे येतं. पूटरवर आपण निवांत हसू शकतो. ब्रेंटच्या वेळी अंग चोरून बसावं लागतं, कारण असा साहेब बहुतेकांनी सोसलेला असतो.

२००३च्या नाताळ विशेष भागांत लेखकांनी ब्रेंटला शेवटी थोडं शहाणपण दिलं. प्रेक्षक सुखावले. माझ्या मते तिथेच तो विनोदी पात्र म्हणून संपला. पार्ट्रिजला ही सवलत कुणी दिलेली नाही. २०२० पासून तो पॉडकास्ट करतोय, घरबसल्या आणि अर्थातच स्वतःविषयी.