हाफ क्युअर की फुल क्युअर? दोन रंगांचं पावडर कोटिंग करताना होणारा घोळ

म्हापशातल्या आमच्या घराची ॲल्युमिनियमची ओतीव नेमप्लेट, अक्षरं वर उठलेली, ती काळ्यावर पिवळी करायची म्हणून मी घरीच पावडर कोटिंगला बसलो, म्हणजे रंगाची कोरडी पावडर विजेच्या गनने धातूवर चिकटवायची आणि ओव्हनमध्ये भाजून पक्की (क्युअर) करायची. बायको म्हणाली पायलटच्या (गोव्यातल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) मोटारसायकलसारखी दिसणार, म्हटलं दिसू दे.

आता दोन रंग म्हटले की पहिला रंग किती भाजायचा हा प्रश्न येतोच, आणि हाफ क्युअर न् फुल क्युअर यात भले भले गोंधळतात. हाफ क्युअर म्हणजे पावडर वितळून पसरली, ओली चकचकीत दिसायला लागली की ओव्हनमधून बाहेर. थंड झाल्यावर हाताला कडकच लागते, म्हणून वाटतं झालं काम, पण आतली रासायनिक जोडणी अर्धवटच असते आणि परत तापवली की ती परत मऊ पडते. फुल क्युअर म्हणजे बहुतेक पावडरींना साधारण २०० अंशांवर १० मिनिटं, आणि ही १० मिनिटं धातू तितका तापल्यापासून मोजायची, ओव्हनचा काटा बघून नाही! जाड ओतीव वस्तू तापायलाच वेळ घेते. एकदा पूर्ण भाजली की मग ती वितळत नाही, उकडलेलं अंडं परत पातळ होतं का, तसंच.

माझं चुकलं ते इथेच. बॉर्डर पिवळी ठेवायची होती, मी पिवळा हाफ क्युअर करून त्यावर टेप लावली, वर काळा मारला न् भाजला. टेपखालचा पिवळा ओव्हनमध्ये मऊ झाला आणि टेप काढली तर सगळा ठसा उमटलेला, दोन जागी रंगच उचलून आलेला. म्हणजे टेप लावायची असेल तर खालचा रंग फुल क्युअरच पाहिजे. टेपही हिरवी पॉलिएस्टरची घ्या, हार्डवेअरच्या दुकानातली कागदी मास्किंग टेप त्या उष्णतेत करपते. आणि काळा वितळून पसरला की गरम असतानाच चिमट्याने टेप ओढायची, मग राहिलेलं भाजायचं, नाहीतर कडेला रंग फाटतो.

हाफ क्युअर मग कशाला? रंगावर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारायचा असेल तेव्हा. दोन्ही थर शेवटी एकत्र पूर्ण भाजले जातात, धरतात छान, खालचा रंग दोनदा पूर्ण भाजला जात नाही त्यामुळे पांढरा वगैरे पिवळट पडायची भीती कमी. फुल क्युअरवर दुसरा थर तितका घट्ट बसेलच असं नाही, म्हणून त्यावर आधी बारीक पॉलिशपेपर हलकासा फिरवून घ्यावा.

अक्षरांना तर टेप लागतच नाही. पिवळा फुल क्युअर, वर सगळीकडे काळी पावडर, आणि भाजायच्या आधी सपाट स्पंजाने अक्षरांवरची कोरडी पावडर पुसायची, खाली पिवळं कसं लख्ख निघतं! फक्त दुसऱ्या वेळी गन जरा लांब धरा, खालचा थर वीज अडवतो, पावडर जास्त साचली की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. अर्थिंगचा चिमटा उघड्या धातूलाच.

पावसाळ्यात मात्र हे करू नका, आपल्याकडच्या दमट हवेत पावडरीच्या गुठळ्या होतात न् काँप्रेसरमधून पाणी येतं. आणि तो ओव्हन परत खाण्याला वापरायचा नाही हां, माझा आता कायमचा गॅरेजमध्ये गेलाय.